गरज, गर्व आणि गुन्हा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की या शहरात २०२२ सालच्या जुलै महिन्यात दोन कांस्य पुतळे समारंभपूर्वक बसविण्यात आले. पुतळे कोणाचे, तर अमली पदार्थ तयार करणाऱ्या एका गुन्हेगाराचे आणि त्याच्या साथीदाराचे! अर्थात ही माणसे इतिहासातील नव्हेत. ‘ब्रेकिंग बॅड’ या दूरचित्रवाणी मालिकेतील वॉल्टर व्हाइट आणि जेसी पिंकमन ही ती दोन पात्रे होत. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन आणि निर्मिती करणारी सोनी कंपनी यांनी हे पुतळे शहरास भेट दिले. शहराने ते स्वीकारले यात नवल नाही. मूळ संहितेत ही कथा कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे घडत होती. न्यू मेक्सिकोचे सरकार चित्रीकरणाच्या खर्चापैकी २५ टक्के रक्कम परत देत असे, म्हणून ती अल्बुकर्कीत आली, आणि तिच्यामागोमाग रोजगार व प्रवासीही आले. तरीही राज्याला धंदा मिळाला म्हणून विष विकणाऱ्यांचा गौरव करावयाचा काय, असा प्रश्न स्थानिक लोकप्रतिनिधींतून त्या वेळी उपस्थित झालाच.

त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पटलेखकांच्या संघटनेने गिलिगन यांचा सन्मान केला, तेव्हा त्यांनी स्वतःच या प्रश्नाला तोंड फोडले. आपले नाव एका दुष्ट माणसाशी कायमचे जोडले गेले आहे; त्यापेक्षा काही प्रेरक व्यक्तिरेखा निर्माण केल्याबद्दल आपली आठवण ठेवली गेली असती तर बरे वाटले असते, अशा आशयाचे ते बोलले. पडद्यावरचा दुष्ट माणूस धोक्याची सूचना म्हणून उभा केला जातो, पण पाहता पाहता तो लोकांचा आदर्श होऊन बसतो, आणि आता लेखकांनी सज्जन माणसे रंगविण्याची वेळ आली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याने मूर्ती घडविली त्यानेच भक्तांची काळजी करावी, असा हा प्रकार आहे. तो एका मनोरंजनाच्या मालिकेपुरता मर्यादित नाही. एका शाळामास्तराची ही कथा असल्यामुळे, आणि शिकलेल्या पगारदार वर्गाच्या मनातील एका जुन्या सलावर तिने बोट ठेवले असल्यामुळे, आपणही तिचा विचार करणे उचित ठरेल.

ही मालिका २० जानेवारी २००८ रोजी सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी ६२ व्या भागाने संपली. पहिला भाग अमेरिकेत सुमारे १४ लाख लोकांनी पाहिला होता. अखेरचा एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. इंटरनेटवरून मालिका पुरविणाऱ्या सेवांमुळे ती जगभर पसरली आणि आपल्याकडील महाविद्यालयांतील मुलांच्या बोलण्यातही वॉल्टर व्हाइटचे नाव येऊ लागले. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

वॉल्टर व्हाइट हा माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकविणारा पन्नाशीचा गृहस्थ. विषयात असामान्य, नोबेल पारितोषिक मिळालेल्या एका संशोधनाला त्याचा हातभार लागल्याचा फलक घराच्या भिंतीवर आहे. वार्षिक वेतन ४३,७०० डॉलर. ते पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या केंद्रावर तो जोडधंद्याची नोकरी करतो, आणि तेथे आपल्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाके पुसण्याची पाळी त्याच्यावर येते. पत्नी स्कायलर गरोदर आहे, तरुण मुलगा मेंदूच्या पक्षाघातामुळे कुबड्यांच्या आधाराने चालतो. अशा वेळी वॉल्टरला फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान होते. जेसी पिंकमन या आपल्या नापास विद्यार्थ्याला हाताशी धरून तो ‘मेथ’ या नावाने ओळखले जाणारे घातक मादक द्रव्य बनवू लागतो. त्याच्या मेहुणीचा नवरा हँक हा अमली पदार्थांचा तपास करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेत अधिकारी आहे, हा योगायोग कथेतील ताण शेवटपर्यंत टिकवून धरतो.

‘गुडबाय मिस्टर चिप्स’ या कादंबरीतील सालस शिक्षकाचे ‘स्कारफेस’ या चित्रपटातील गुंडात रूपांतर करावयाचे, असा आपला संकल्प असल्याचे गिलिगन यांनी सांगितले आहे. ज्याला नायक म्हणवत नाही आणि खलनायकही म्हणवत नाही अशा मध्यवर्ती पात्राला समीक्षक ‘अँटिहीरो’ म्हणतात. वॉल्टर हा त्या जातीचा बहुधा सर्वांत गाजलेला नमुना. त्याच्या अधःपाताची कारणमीमांसा करताना प्रेक्षकांत एक सोपे उत्तर रूढ झाले आहे. ते असे की, बिचाऱ्याचा नाइलाज होता. कुटुंबासाठी त्याने केले. हे उत्तर मालिकेनेच दिलेल्या आकड्यांवर तपासून पाहिले तर टिकत नाही, असे माझे मत आहे.

सात लाख सदतीस हजार

दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात वॉल्टर आपल्या कुटुंबाच्या गरजेचा हिशेब तोंडी मांडतो. तो प्रत्येक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ऐकण्यासारखा आहे. दोन मुलांचे चार चार वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, दर वर्षी प्रत्येकी ४५ हजार डॉलर, म्हणजे ३ लाख ६० हजार. घरावरचे कर्ज १ लाख ७ हजार आणि घर तारण ठेवून घेतलेले आणखी ३० हजार, मिळून १ लाख ३७ हजार. घरखर्चाला दरमहा २ हजार, असे दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार डॉलर. आणखी अकरा व्यवहार केले की ही रक्कम उभी राहते, मग थांबावयाचे.

हा हिशेब बारकाईने पाहा. यात चैन नाही, सोने नाही, जमीनजुमला नाही. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज आणि रोजचा बाजारहाट, या तीनच गोष्टी आहेत. कोणताही कारकून किंवा शिक्षक महिन्याच्या अखेरीस मनात जी बेरीज करतो तीच ही बेरीज. त्याच्या वेतनाच्या मानाने ती जवळजवळ सतरा वर्षांची कमाई होते, आणि त्याच्या हातात तर काही महिनेच आहेत. प्रेक्षकाचे मन द्रवते ते येथे. या क्षणी तो वॉल्टरचा पक्षकार होतो, आणि एकदा वकीलपत्र घेतले की ते सहसा सोडत नाही.

परंतु या हिशेबात एक जमेची बाजू मुद्दाम लिहिलेली नाही. ग्रेचन आणि एलियट श्वार्ट्झ हे वॉल्टरचे तरुणपणीचे सहकारी. त्यांनी मिळून ‘ग्रे मॅटर’ नावाची कंपनी काढली होती. वॉल्टरने आपला हिस्सा ५ हजार डॉलर घेऊन सोडून दिला. पुढे कंपनी भरभराटीस आली. वॉल्टरच्या आजाराची वार्ता कळताच एलियट त्याला नोकरी देऊ करतो, विम्याची सोय देऊ करतो, उपचारांचा सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखवितो. हे सारे पहिल्याच हंगामात, म्हणजे ७ लाख ३७ हजारांच्या त्या बेरजेच्या पुष्कळ आधी घडते. वॉल्टर नकार देतो. घरी मात्र पैसे तिकडूनच येत असल्याची बतावणी करतो.

म्हणजे गरज खरी होती, पण गुन्हा हा तिचा एकमेव उपाय नव्हता. उपाय दाराशी चालत आला होता. त्याची किंमत पैशात द्यावयाची नव्हती. ज्यांच्यापेक्षा आपण श्रेष्ठ आहोत असे वॉल्टरला वाटते त्यांच्यासमोर मान लववावी लागणार होती, एवढेच. ती किंमत त्याला परवडली नाही. परवडले ते विष विकणे. अर्थशास्त्रात एखाद्या निवडीचा खरा खर्च मोजावयाचा तर तिच्यासाठी सोडून दिलेला सर्वांत चांगला पर्याय विचारात घ्यावा लागतो. त्या कसोटीवर वॉल्टरच्या गुन्ह्याचे मूळ गरिबीत सापडत नाही. ते दुखावलेल्या अभिमानात सापडते.

पुढील आकडे हेच सांगतात. पाचव्या हंगामात चोरलेल्या रसायनाच्या साठ्यातील त्याच्या वाट्यासाठी त्याला ५० लाख डॉलर मिळत असतात. मूळ गरजेच्या जवळजवळ सातपट! साथीदार रक्कम घेऊन मोकळे होऊ पाहतात. वॉल्टर नाही म्हणतो. त्या प्रसंगी तो जेसीला ‘ग्रे मॅटर’ची हकीकत सांगतो. त्या कंपनीची किंमत आता २१६ कोटी डॉलर झाली आहे आणि ती तो दर आठवड्याला पाहत असतो. आपला धंदा पैशाचा नव्हे, साम्राज्य उभारण्याचा आहे, असे तो बजावतो. पुढे स्कायलर त्याला एका भाड्याच्या गाळ्यात नेऊन नोटांचा ढीग दाखविते. तो इतका मोठा आहे की, हिशेबनीस म्हणून काम केलेल्या त्या बाईने तो मोजण्याचा नादच सोडला आहे. अखेर जमिनीत पुरलेली रक्कम निघते सुमारे आठ कोटी डॉलर, म्हणजे मूळ बेरजेच्या शंभरपटीहून अधिक. एवढ्या पैशातून ना मुलाची फी भरता येते, ना घराचे कर्ज उघडपणे फेडता येते. काळ्याचा पांढरा करण्यासाठी तेच मोटारी धुण्याचे केंद्र विकत घ्यावे लागते, जेथे तो कधी काळी फडके घेऊन उभा राहत असे.

प्रश्न किमतीचा

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वॉल्टरचे गाऱ्हाणे खोटे नाही. समाज ज्याला महत्त्वाचे म्हणतो त्याला बाजार महत्त्वाची किंमत देतोच असे नाही. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून सहज जगता येते तरी तो महाग, हे कोडे ॲडम स्मिथने १७७६ साली मांडले. गुरूला देव मानणारे समाज गुरूच्या वेतनाचा प्रश्न आला की हात आखडता घेतात, हा अनुभव एका देशापुरता नाही. मागील बाकांवरून शिकलेला विद्यार्थी मोटारीतून येतो आणि शिकविणारा बसच्या रांगेत उभा असतो, हे दृश्य कोणत्याही शिक्षकाला अपरिचित नाही. आपल्या गुणांचे चीज झाले नाही, ही भावना शिकलेल्या मध्यमवर्गाच्या काळजात खोलवर रुतलेली असते. ती अनेकदा रास्तही असते.

पण रास्त गाऱ्हाण्यातून कोणता निष्कर्ष काढावयाचा, हा वेगळा प्रश्न आहे. बाजारात मिळणारी किंमत आणि माणसाची योग्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, म्हणून वेतन कमी असले तरी शिक्षक लहान ठरत नाही, असा एक निष्कर्ष निघतो. वॉल्टर नेमका उलटा निष्कर्ष काढतो. बाजारभाव हीच योग्यता असे तो मनोमन मान्य करतो, आणि मग ज्या बाजारात आपल्याला सर्वांत चढा भाव मिळेल तो बाजार शोधतो. असा बाजार त्याला अमली पदार्थांच्या धंद्यात सापडतो. तेथे त्याच्या मालाची शुद्धता वाखाणली जाते, त्याचे टोपणनाव आदराने घेतले जाते. शाळेत ज्याच्या तासाला मुले जांभया देत होती त्याच्या ज्ञानाला येथे गिऱ्हाईक मिळते.

मात्र या बाजारात टिकण्याची अटही त्याला लवकरच कळते. गस फ्रिंग या मोठ्या व्यापाऱ्याच्या भूमिगत प्रयोगशाळेत गेल हा सुविद्य रसायनतज्ज्ञ वॉल्टरची पद्धत शिकून घेतो. पर्यायी कामगार तयार झाला की जुना अनावश्यक होतो, हे वॉल्टर ओळखतो आणि जेसीकरवी गेलचा खून करवितो. आपली जागा घेऊ शकणारा माणूसच नाहीसा करावयाचा, म्हणजे आपले मोल अबाधित! मक्तेदारीचे याहून भयंकर उदाहरण एखाद्या क्रमिक पुस्तकात सापडणार नाही.

आणि हा खर्च केवळ धंद्यातील माणसेच भरतात असेही नाही. व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसावर पडणारा भार हा अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा विषय आहे. जेसीची मैत्रीण जेन अमली द्रव्याच्या गुंगीत गुदमरत असताना वॉल्टर शेजारी उभा राहून पाहतो, हात लावीत नाही. तिचा बाप विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणारा. लेकीच्या शोकात तो कामावर परततो, त्याची चूक होते आणि शहरावर दोन विमानांची टक्कर होऊन १६७ माणसे मरतात. त्यानंतर शाळेच्या सभेत हेदरलेल्या मुलांसमोर हाच शिक्षक उभा राहून सांगतो की, जगात याहून मोठे विमान अपघात झालेले आहेत आणि लोक ते विसरलेही आहेत! स्वतःच्या पापाची आकडेवारी करून ते लहान दाखविण्याची ही कला शिकलेल्या माणसालाच साधते. अशिक्षित गुन्हेगाराजवळ एवढी साधनसामग्री नसते.

प्रेक्षक कोणाच्या बाजूला?

आता प्रश्न उरतो तो आपला, म्हणजे पाहणाऱ्यांचा. इतके सारे डोळ्यांसमोर घडत असताना प्रेक्षकाची सहानुभूती कोठे होती? या बाबतीत एक बोलका पुरावा उपलब्ध आहे. स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून आपल्या पात्राविषयी प्रेक्षकांत पसरलेल्या तीव्र द्वेषाची कैफियत मांडली. हा द्वेष पात्रापुरता न राहता त्यांच्या स्वतःपर्यंत येऊन पोहोचला होता. स्कायलरचा अपराध कोणता? रात्री-अपरात्री कोठे जातोस, असे तिने नवऱ्याला विचारले. मुलांच्या जिवाची काळजी केली. वाटेत आडवी आली. पुढे तीही हिशेबात गुंतते आणि निर्दोष राहत नाही, हे खरे. पण तिच्यावरचा राग त्याबद्दलचा नव्हता. नायकाचा रंगात आलेला खेळ ती मोडते याचा तो राग होता.

येथे आपल्या रंगभूमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हाही बुद्धिमान, मानी आणि सुशिक्षित. कोर्टातील अपमान आणि तहकूब झालेली सनद यांतून त्याच्या अभिमानाला जो डंख होतो, तेथून त्याच्या अधःपाताला प्रारंभ होतो. बीज तेच आहे. पण त्या नाटकाच्या प्रेक्षकाने सुधाकराच्या पेल्याला टाळी दिली नाही. त्याचे डोळे भरून आले ते सिंधूसाठी. सुधाकराची बुद्धी दारूत बुडते, म्हणून त्याचा ऱ्हास ऱ्हासच दिसतो. वॉल्टरची बुद्धी गुन्ह्यात अधिक तेजाळते, म्हणून त्याचा ऱ्हास उत्कर्षासारखा दिसतो. कौशल्याचे आकर्षण आपल्याला नेहमीच असते, आणि कॅमेरा सतत त्याच्या खांद्यावरून पाहत असल्यामुळे ‘हा पकडला जाऊ नये’ ही इच्छा आपल्याही नकळत आपल्या मनात रुजते. तीन-चार हंगाम ही इच्छा जोपासल्यावर नीतीचा विचार मागाहून आला तर त्याला बसावयास जागा राहत नाही.

या प्रकारच्या मालिका याच काळात का बहरल्या, यालाही आर्थिक कारणे आहेत. जाहिरातींवर चालणाऱ्या जुन्या वाहिन्यांना सर्वांना रुचेल असा नायक लागे, कारण साबण विकणाऱ्याला कोणाचाही रोष नको असतो. वर्गणीवर चालणाऱ्या ‘एचबीओ’सारख्या वाहिनीचे गणित निराळे होते. तिला सर्वांची पसंती नको होती. काही लोकांना दरमहा पैसे भरावेसे वाटतील एवढे वेगळेपण हवे होते. तिची ‘द सोप्रानोज’ ही मालिका १९९९ साली आली आणि एक गुंड घरोघर लाडका झाला. जुने चित्रपट दाखविणाऱ्या ‘एएमसी’ या वाहिनीने त्याच वाटेने आपली प्रतिष्ठा वाढविण्यासाठी ‘मॅड मेन’ आणि ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिका घेतल्या. या बदलातून काही उत्तम दर्जाची निर्मिती झाली हे नाकारता येणार नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ तशीच आहे, आणि ब्रायन क्रॅन्स्टन यांचा अभिनय तर थक्क करणारा आहे. पण गुंतागुंतीचे पात्र रंगविणे म्हणजे नेहमी गुन्हेगारच रंगविणे, असा जो समज त्यातून रूढ झाला तो कलेलाही उपकारक नाही.

संघटना नसलेली शाळा

या मालिकेवर भाष्य करणारे एक मत असे की, अमेरिकेत सर्वांना सरकारी वैद्यकीय संरक्षण असते तर वॉल्टरची कथाच घडली नसती. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. शाळेच्या विम्यातून त्याला चांगला तज्ज्ञ परवडत नाही आणि उपचाराचा अंदाज ९० हजार डॉलरपर्यंत जातो, म्हणजे दोन वर्षांच्या पगाराहून अधिक. योगायोगाची गोष्ट अशी की, मालिकेचा तिसरा हंगाम ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी, २१ मार्च २०१० रोजी, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आरोग्य विम्याचा विस्तार करणारा ओबामा शासनाचा कायदा संमत केला. पडद्यावरचे दुखणे आणि राष्ट्राचे दुखणे एकच होते, याची याहून ठळक खूण कोणती?

तथापि त्या मतात एक उणीव आहे. व्यवस्था निष्ठुर असेल तर माणसासमोर गुन्हा किंवा मरण हे दोनच मार्ग उरतात, असे ते गृहीत धरते. प्रत्यक्षातील अमेरिकन शिक्षकांनी तिसरा मार्ग दाखविला आहे. २०१८ सालच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनिया या राज्यातील शिक्षक संपावर गेले. तुटपुंजे वेतन आणि आरोग्य विम्याचा वाढता बोजा, ही त्यांची गाऱ्हाणी अगदी वॉल्टरचीच होती. राज्याच्या सर्वच्या सर्व ५५ परगण्यांतील शाळा बंद राहिल्या. शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेली मुले उपाशी राहू नयेत म्हणून शिक्षकांनीच अन्नाच्या पिशव्या भरून वाटल्या. शाळेचे नऊ दिवस बुडाल्यानंतर राज्याने पाच टक्के वेतनवाढ मान्य केली. त्यापाठोपाठ ओक्लाहोमा आणि ॲरिझोना येथील शिक्षकही रस्त्यावर आले. पाच टक्के म्हणजे साम्राज्य नव्हे. पण ती वाढ सहस्रावधी घरांत गेली, आणि तिच्यासाठी कोणाला आपल्या मुलांशी खोटे बोलावे लागले नाही.

वॉल्टरच्या शाळेत मात्र संघटना दिसत नाही. आपल्यासारखेच वेतन घेणारे, आपल्यासारखीच दुखणी सोसणारे सहकारी शेजारच्या वर्गात आहेत, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. आपले दुःख असाधारण आहे, कारण आपण असाधारण आहोत, अशी त्याची धारणा आहे. आणि या जातीच्या कथेलाही एकट्याचाच पराक्रम हवा असतो. गंमत अशी की, ज्या मालिकेत संघटनेचा मागमूस नाही, तिचा पहिला हंगाम सातच भागांत आटोपला तो २००७-०८ च्या पटलेखकांच्या संपामुळे! आपल्या लेखणीला योग्य मोबदला मिळावा म्हणून लेखकांनी जो मार्ग धरला तो आपल्या नायकाला मात्र त्यांनी दाखविला नाही. नाट्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पाहणाऱ्याने मात्र ही रिकामी जागा ओळखली पाहिजे.

आपल्याकडचे चित्र

आपल्याकडेही हा प्रवाह येऊन पोहोचला आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली ‘स्कॅम १९९२’ ही हिंदी मालिका मुंबईच्या रोखेबाजारातील हर्षद मेहता प्रकरणावर आधारलेली होती. बँकांचे व्यवहार, पोकळ पावत्या, रिझर्व्ह बँकेची देखरेख, असा रूक्ष समजला जाणारा विषय तिने सामान्य प्रेक्षकापर्यंत नेला, ही तिची कामगिरी मोठी आहे. मुळात ते प्रकरण उजेडात आणणाऱ्या पत्रकाराच्या पुस्तकावरच ती बेतलेली आहे. पण तिची संवादवाक्ये आणि तिचे पार्श्वसंगीत तरुणांच्या ओठांवर आले ते पत्रकाराचे म्हणून नव्हे, मेहतांचे म्हणून. चाळीतून निघून समुद्राकाठच्या आलिशान घरापर्यंत पोहोचलेल्या माणसाचे धाडस लक्षात राहिले. ज्यांची पुंजी तेजीत आत गेली आणि मंदीत बाहेर आली नाही ते लहान गुंतवणूकदार कोणाला आठवले नाहीत. साहस हाच गुण आणि नियम हाच अडथळा, असे समीकरण नोकरीच्या शोधात वणवणणाऱ्या तरुणाला गोड वाटले तर त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. त्याच्या गुणांना वाव न देणाऱ्या व्यवस्थेचाही त्यात वाटा आहे.

म्हणून अशा मालिकांवर बंदी घालावी असे कोणी सुचविले तर ते निरर्थक होय. त्या पाहाव्यात, पण हिशेब शेवटच्या ओळीपर्यंत तपासून पाहाव्यात. ‘ब्रेकिंग बॅड’च्या कर्त्याने स्वतः हिशेब चुकविलेला नाही. अखेरच्या भागात वॉल्टर पत्नीसमोर कबूल करतो की, हे सारे कुटुंबासाठी नव्हते; आपल्याला त्यात गोडी वाटत होती म्हणून आपण ते केले. तोवर हँक मारला गेलेला असतो, मुलगा बापाचे नाव टाकून बसलेला असतो, आठ कोटींतले बहुतेक पैसे दुसऱ्याच दरोडेखोरांनी नेलेले असतात.

जी रक्कम उरते, ९७ लाख २० हजार डॉलर, ती मुलापर्यंत पोहोचवावयाची तर बापाच्या नावाने पोहोचणे अशक्य असते. ती वॉल्टर कोणाकडे नेतो? त्याच एलियट आणि ग्रेचन यांच्याकडे! धाक दाखवून तो त्यांच्याकडून वचन घेतो की, हे पैसे त्यांनी आपला दानधर्म म्हणून मुलाच्या नावे ठेवावेत. म्हणजे मुलाला मदत मिळणार ती श्वार्ट्झ यांची म्हणूनच. पहिल्या हंगामात जी मदत वॉल्टरने अपमान म्हणून नाकारली होती, तिचाच देखावा उभा करण्यासाठी त्याला अखेर त्यांच्या दाराशी जावे लागते. मधल्या दोन वर्षांत जे घडले ते सर्व, ती माणसे, ती विमाने, तो विद्यार्थी, हे या एका फेऱ्याचे मोल.

विद्यार्थ्यांना ही मालिका कशी पाहावी हे सांगण्याची वेळ आली तर शिक्षकाने एवढेच सांगावे की, वॉल्टरचे दुःख खरे मानावे आणि त्याचा हिशेब खोटा मानावा. आणि समाजानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या मोटारी धुवाव्या लागणारा शिक्षक बहुधा गुन्हेगार होत नाही. तो निमूटपणे थकतो आणि वर्गात वाचून दाखविण्यापुरता उरतो. त्याच्यावर कोणी मालिका काढीत नाही. पण त्याच्यापायी होणारे नुकसान पिढ्यान्‌पिढ्या भरून निघत नाही, आणि ते टाळण्याचा उपाय, वेळेवर आणि पुरेसे वेतन, हा सर्वांना ठाऊक असलेला आहे.